युसूफचाचांचा उजवा डोळा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. एकदा बहिणीजवळ सुरुवात केली होती — अकोल्याला, तिच्या गच्चीवर, पापड वाळत घालताना. पण मशीन कसं चालायचं, एवढंच सांगून थांबले. ती म्हणाली, "मग?" मी म्हटलं, "मग काही नाही." तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. समोर बसून "मग?" असं विचारणार नाही.

तरी मशीनपासूनच सुरुवात करावी लागेल.

मी मूळची अकोल्याची. डोळे तपासण्याचा दोन वर्षांचा कोर्स केला आणि अमरावतीच्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयात लागले. मोतीबिंदू काढला की त्या जागी डोळ्यात एक बारीक कृत्रिम भिंग बसवतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण त्या भिंगालाही नंबर असतो, आणि तो प्रत्येकाचा वेगळा. मी लागले तेव्हा आमच्याकडे तो कुणी काढत नसे. शिबिरातला माणूस आला की सरसकट एकाच नंबरचं भिंग. कुणाला बसायचं, कुणाला नाही. ज्याला नाही बसलं तो म्हणायचा, नशीब.

मग मोठ्या डॉक्टरांनी मोजायचं यंत्र आणलं आणि त्याच्यासोबत कॉम्प्युटर. काळा पडदा, हिरवी अक्षरं. डोळ्यात सुन्न करणारा थेंब टाकायचा, बुबुळाला पेनसारखी सळई अलगद टेकवायची, की यंत्र डोळ्याची लांबी एका चिठ्ठीवर छापून द्यायचं. ती लांबी कॉम्प्युटरमध्ये भरायची, बुबुळाची गोलाई भरायची — आणि तो सांगायचा, या डोळ्यात अमुक नंबरचं भिंग घाला. हे काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या कुणाला ते नीट जमतही नव्हतं.

मला त्याचा किती अभिमान होता, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. डॉक्टरांनी एक रजिस्टर केलं होतं. कॉम्प्युटरने सांगितलेला नंबर एका रकान्यात, ऑपरेशननंतर दीड महिन्याने पेशंटला प्रत्यक्षात किती नंबरचा चष्मा लागला ते शेजारच्या रकान्यात. भिंग बरोबर बसलं तर चष्मा अगदी थोडक्या नंबरचा लागतो. माझं रजिस्टर बघण्यासारखं होतं. कुणी पाहुणे आले की डॉक्टर ते उघडून दाखवायचे आणि म्हणायचे, "आमच्या बाईंचा नंबर चुकत नाही." मी खाली मान घालून उभी राहायची. खाली मान घालून — पण ऐकत.

युसूफचाचा आले ते परतवाड्याच्या शिबिरातून. रुग्णालयाच्या गाडीतून तिकडची माणसं आदल्या दिवशी यायची, मोजणी व्हायची, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. चाचा साठीच्या आतले असतील. उंचीने लहान, अंगाने सुकलेले, पांढरी टोपी, आणि उजव्या अंगठ्यावर जुन्या बारीक कापांच्या खुणाच खुणा. परतवाड्याजवळच्या एका नर्सरीत ते संत्र्याच्या कलमा करायचे. जंबेरीचं, म्हणजे रानलिंबाचं, रोप खुंट म्हणून घ्यायचं, त्याच्या सालीवर चाकूने चीर द्यायची, आणि संत्र्याच्या काडीवरून काढलेला एकच डोळा, म्हणजे अंकुर, त्या चिरेत बसवून वरून पट्टी बांधायची. याला आमच्याकडे डोळा भरणं म्हणतात. काम नखाएवढ्या जागेचं. तीसेक वर्षं त्यांनी तेच केलं होतं.

थेंब टाकल्यावर डोळा सुन्न व्हायला दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात त्यांनी कॉम्प्युटरकडे तोंड करून विचारलं, "त्या डब्ब्याले कसं समजते बाई, माह्या डोयात काय पायजे ते?"

मी म्हटलं, "मी मोजते चाचा, आणि त्याला सांगते. तो हिशोब करतो."

"म्हंजे तुमी बराबर सांगतलं तं तो बराबर सांगन."

"हो."

"आमचं बी तसंच हाय," ते म्हणाले. "खुंट पाहूनच डोया निवडा लागते. बारीक खुंटाले जाड डोया भरला तं धरतच नाही."

इथपर्यंत मी हे मनात कितीतरी वेळा आणलं आहे. इथून पुढे दरवेळी घाई करते. आज करणार नाही.

त्या दिवशी संस्थेला मदत करणारी काही मंडळी यंत्र बघायला आली होती. माझ्या खुर्चीमागे चार-पाच जण उभे, शेजारी डॉक्टर. चाचांच्या आधी अंजनगावकडचे एक उंच मास्तर होते. त्यांची चिठ्ठी टेबलावर होती. चाचांच्या दोन्ही डोळ्यांच्या चिठ्ठ्या त्याच टेबलावर. उजव्या डोळ्याची लांबी भरताना मी मास्तरांची चिठ्ठी उचलली. चूक एवढीच. कुणाच्याही हातून होईल अशी. चाचांचे डोळे आखूड होते, मास्तरांचा लांब. दोन मिलिमीटरचा फरक. तुम्हाला दोन मिलिमीटर काहीच वाटणार नाहीत. डोळ्यात ते फार असतात.

पण कॉम्प्युटरला कळलं. एकाच माणसाचे दोन डोळे इतके वेगळे सहसा नसतात, हे त्याला माहीत होतं. पडद्यावर ओळ आली — दोन डोळ्यांत फरक जास्त आहे, पुन्हा मोजा. आणि खाली प्रश्न — तरीही पुढे जायचं?

मागून एका पाहुण्याने विचारलं, "हे काय म्हणतंय?"

मी म्हटलं, "काही नाही. नेहमीचंच." आणि होकाराचं बटण दाबलं.

ती ओळ मला दिसलीच नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. गर्दी होती, बोलणं चाललं होतं, माणसं खोळंबली होती. हे सगळं खरंच होतं. पण ओळ मला दिसली होती. मी वाचली होती. पुन्हा मोजायचं म्हणजे पुन्हा थेंब, पुन्हा दोन मिनिटं, आणि त्या सगळ्यांसमोर कबूल करणं, की बाईंचं काहीतरी चुकलं. मी ते टाळलं. उंच मास्तरांच्या डोळ्याच्या मापाचं भिंग दुसऱ्या दिवशी युसूफचाचांच्या डोळ्यात बसलं.

आता तुम्ही म्हणाल — चूक झाली, होते. मी कबूल करायला बसले आहे ते हे नाही.

दीड महिन्याने मी परतवाड्याला गेले. ऑपरेशन झालेल्यांची फेरतपासणी आणि चष्म्याचा नंबर, हे काम मी एकटीच करायची, डॉक्टर येत नसत. उर्दू शाळेचा व्हरांडा होता. भिंतीला तक्ता टांगलेला, समोर एक लाकडी खुर्ची. चाचा आपल्या बायकोला, जैतूनबीला, घेऊन आले होते. ती अंगणात कडुलिंबाखाली बायकांमध्ये बसली. चाचा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बाई, उजेड लय वाढला. पन सारं पान्यातल्यावानी दिसते."

मी तपासणीची लोखंडी फ्रेम त्यांच्या नाकावर ठेवली आणि काचा घालून पाहू लागले. एकचा घातला. नाही. दोनचा. नाही. तीनचा — थोडं. साडेचारचा घातला आणि चाचा सरळ बसले. तक्ता वाचायचा सोडून ते तक्त्याच्या पलीकडे, अंगणात बघायला लागले.

"लिंबाचे पानं येगयेगये दिसून राह्यले," ते म्हणाले. मग हसले. "थे पाहा, जैतून डोक्यावरचा पदर नीट करून राह्यली."

साडेचार. मला क्षणात सगळं कळलं — चिठ्ठी, मास्तर, ती हिरवी ओळ. आता करायचं काय होतं? कार्डावर साडेचार लिहायचं. चष्मा बनला असता, जाड, जड, पण त्यातून त्यांना लांबचं दिसलं असतं. जवळचा दुसरा चष्मा दिला असता तर कलमांचं कामही झालं असतं. इतकं सोपं होतं. फक्त रजिस्टरच्या दुसऱ्या रकान्यात साडेचार आलं असतं आणि डॉक्टरांनी विचारलं असतं, बाई, हे कसं?

माझी नोकरी गेली नसती. डॉक्टर ओरडलेही नसते, ते तसे नव्हतेच. चिठ्ठी बदलली, एवढं म्हणाले असते आणि विसरले असते. हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून मी भीतीने केलं, असं म्हणायचीही सोय नाही.

मी त्यांच्या नाकावरची फ्रेम काढली.

"काहून काढलं?" चाचांनी विचारलं. ते अजून अंगणाकडेच तोंड करून होते.

"ती नुसती तपासायची काच आहे, चाचा. चष्म्यात बसत नाही. तुमच्या डोळ्याचा पडदा कमजोर आहे. आतला. त्याला इलाज नाही."

"आता तं दिसलं."

"तेवढ्यापुरतं दिसतं."

त्यांनी अंगणाकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाले, "तुमी खरं सांगतलं, बरं झालं. नाहीतं मानूस उगाच आस धरून बसते." कार्डावर मी एकचा नंबर लिहिला. शेरा — पडदा कमजोर. रजिस्टरमध्येही तेच. डॉक्टरांनी ती ओळ वाचून "बिचारा" म्हटलं आणि पान उलटलं. पडद्यात दोष असला तर भिंगाचा दोष राहत नाही. माझं रजिस्टर स्वच्छ राहिलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं, दर शिबिराला थोडं थोडं, बहुतेक जैतूनबीकडून. त्या हिवाळ्यात चाचा नर्सरीत गेले. चीर खोल जायची, कधी बोटावरच चालायची. मग एक दिवस मालकाने पाहिलं, की चाचांनी वाफाभर रोपांवर डोळे उलटे भरले आहेत. टोक खाली. नवशिका माणूससुद्धा पहिल्या आठवड्यानंतर ते करत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने चाचांना पिशव्यांत माती भरायला बसवलं. ती वर्षंही तशीच होती. विहिरी आटत होत्या, संत्र्याच्या उभ्या बागा वाळून लोक झाडं तोडत होते, नव्या कलमा घ्यायला कोण येणार? दोन वर्षांनी मालकाने माणसं कमी केली. मातीच्या पिशव्या भरणारा पहिला गेला.

डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू होता. तो त्यांनी काढलाच नाही. "पडदाच कमजोर हाय तं कापून काय करता?" असं ते प्रत्येक शिबिरात सांगायचे. माझ्यासमोर सांगायचे, दुसऱ्या पेशंटना, माझा हवाला देऊन. मी पुढच्या माणसाच्या डोळ्यात थेंब टाकत असायची.

त्या काळात पेपर उघडला की आपल्याच भागातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या असायच्या. रोज. मी त्या वाचायची आणि — हे लिहायलाही लाज वाटते — मला हलकं वाटायचं. घरंच्या घरं बसत आहेत, तिथे एका म्हाताऱ्याच्या चष्म्याचं काय घेऊन बसलीस? त्याचा एक डोळा उजेड तरी बघतो. असं मी स्वतःला समजवायची. दुसऱ्यांच्या मरणाचा मी असा उपयोग करून घेतला.

एकदा मी तो चष्मा बनवून घेतला. खरंच. साडेचारचा, खाली जवळच्या नंबरची काच असलेला. पर्समध्ये रुमालात गुंडाळून तीन वेळा परतवाड्याला नेला. काय म्हणून देणार होते? नवीन काच निघाली आहे, ही कमजोर पडद्यालाही चालते, असं काहीतरी सांगता आलं असतं. आणखी एक खोटं, पण त्यांना दिसलं तरी असतं. तेही मला जमलं नाही. चाचांनी तो घातला असता, लिंबाकडे बघितलं असतं, आणि मग माझ्याकडे. त्या नजरेला मी भ्यायले. तिसऱ्या खेपेनंतर तो चष्मा मी रुग्णालयातल्या जुन्या चष्म्यांच्या पेटीत टाकला. कुणी नेला माहीत नाही.

नऊ वर्षं गेली. मोठे डॉक्टर निवृत्त झाले. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या, मेहनती, बोलायला फटकळ. एका सकाळी जैतूनबी चाचांना धरून थेट अमरावतीला घेऊन आली. डावा डोळा लालबुंद, दुखण्याने चाचांनी डोकं दोन्ही हातांत धरलेलं. न काढलेला मोतीबिंदू आत पिकून फुगला होता, डोळ्यातला दाब चढला होता. मी दार उघडलं तेव्हा माझा आवाज ऐकून त्या दुखण्यातही ते म्हणाले, "बाई, तुमीच हा ना? मंग बरं झालं."

डॉक्टरीणबाईंनी डावा डोळा पाहून मान हलवली. दुखणं थांबवता येईल, नजर गेली. मग सवयीने उजव्या डोळ्यात आतला पडदा बघायची बॅटरी टाकली. बराच वेळ पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"यांच्या या डोळ्याला काय झालंय म्हणून सांगितलं होतं?"

"पडदा कमजोर हाय म्हने," जैतूनबी म्हणाली.

"कोण म्हणालं? पडदा अगदी चांगला आहे. नुसता नंबर आहे. भिंग चुकीचं पडलंय. इतकी वर्षं या माणसाला कुणी साधा चष्मा दिला नाही? कुणी सांगितलं तुम्हाला हे, चाचा?"

खोलीत आम्ही चौघंच. मी औषधांचा ट्रे घेऊन भिंतीशी उभी. जैतूनबीने माझ्याकडे पाहिलं. तिचं तोंड उघडलंही होतं.

चाचांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. "याद नाही साहेब," ते म्हणाले. "लय वर्सं झाले. कॅम्पात कोनीतरी म्हनलं होतं."

त्यांना आठवत नव्हतं? दहा मिनिटांपूर्वी आवाजावरून ज्यांनी मला ओळखलं, दर शिबिरात ज्यांनी माझा हवाला दिला, त्यांना? त्यांना त्याच क्षणी सगळं कळलं होतं. आणि मला सोडवायचं की नाही, हे ठरवायला त्यांना एक श्वासही लागला नाही.

"काय एकेक माणसं असतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "मॅडम, यांचा नंबर काढा. नीट काढा."

मी काढला. साडेचार. चाचांनी वरपासून खालपर्यंत तक्ता वाचला, हळू, दुखऱ्या डोळ्यावर तळहात दाबून. मी फ्रेम काढायला हात पुढे केला तेव्हा ते म्हणाले, "राहू द्या जरा." मी हात मागे घेतला. ते जैतूनबीकडे बघत होते. ती रडत होती, आणि ती किती म्हातारी झाली आहे, हे ते बघत होते.

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. एकदाही नाही.

चष्मा आठ दिवसांनी तयार झाला. तो न्यायला त्यांची मुलगी आली. पुढे शिबिराच्या गाडीच्या ड्रायव्हरने सांगितलं, की चाचा चष्मा लावून एकदा नर्सरीत जाऊन आले. चाकू हातात घेतला, पण चीर धड पडेना. मग रोपांमध्ये थोडं फिरून घरी गेले. तिसऱ्या वर्षी ते वारले. मी गेले नाही. जैतूनबीला तोंड दाखवलं नाही. काही महिन्यांनी नोकरी सोडून अकोल्याला आले, आता इथेच एका दुकानात डोळे तपासते. लोक म्हणतात, बाईंचा नंबर चुकत नाही.

माझ्यावर कुणी बोट ठेवलेलं नाही. ठेवू शकणारी दोनच माणसं होती. एकाने सोडलं आणि दुसरीला सोडायला लावलं.

चिठ्ठी चुकली ती एका क्षणात. बटण दाबलं तेही. फ्रेम काढायलासुद्धा फार वेळ लागला नव्हता. पण त्या शेवटच्या दिवशी तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाई टेबलाशी बसून चाचांचं कार्ड लिहीत होत्या. बराच वेळ लिहीत होत्या, चांगली सात-आठ मिनिटं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. चाचा खुर्चीत शांत बसले होते, मी त्यांच्यापासून दोन हातांवर. मी होते ती, एवढं म्हणायचं होतं. तेवढ्यासाठी वेळ भरपूर होता. मी तपासणीच्या काचा एकेक करून पुसत, पेटीत नंबरवार लावत उभी राहिले.